चाक टेकलं की उठलेच!

विमानाचं चाक लोहगावच्या धावपट्टीला टेकायचा अवकाश, खटाखट पट्टे सुटतात. पट्ट्याचा दिवा पेटलेलाच, विमान अजून वळतंय, हवाईसुंदरी माइकवरून विनवतेय, "कृपया बसून राहा." ऐकतो कोण? २८व्या रांगेतले काका थेट माझ्या डोक्यावरून बॅग ओढतात. मर्यादा म्हणे ७ किलोची. ही तर दळणाच्या डब्याहून जड! मग दार उघडेपर्यंत मान वाकडी करून उभे, कोपर माझ्या कानाशी, आणि फोनवर खणखणीत आवाजात, "हां, उतरलो!"

कुठे उतरलात, काका?

बरं, खाली टर्मिनलकडे नेणारी बस उभी. ती भरल्याशिवाय हलत नाही. धावत जाऊन हे आत कोंबले जातात. मी सावकाश शेवटी चढते, दाराशी उभी राहते आणि पहिली उतरते.