ताजमहालाला दोन पैकी दोन

घटक चाचणीचे पेपर तपासत बसलेय. प्रश्न सातवीचा : वायुप्रदूषणाचे परिणाम लिहा. एकोणचाळीस पेपर, आणि जवळजवळ सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच. 'ताजमहाल पिवळा पडतो.' मथुरेची रिफायनरी, आम्लपर्जन्य, संगमरवर, सगळं गाइडातलं जसंच्या तसं. आधी हसू आलं. मग तिसऱ्या बाकावरच्या त्या पोराचा पेपर हाती आला.

हे पोर दप्तरात पंप घेऊन येतं. (दम्याचा.) ऊसतोड सुरू झाली, रानात पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटलं की थंडीत धूर वर उठतच नाही, गावावर बसून राहतो. दुसऱ्या दिवशी हे गैरहजर. आलं तर जिना चढून वर्गाच्या दारात थांबतं, खांदे वर-खाली होत असतात. त्यानंही लिहिलंय, ताजमहाल!

अरे, आग्रा कुठं, सांगली कुठं! 2019 ला केंद्राचा राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत आपली सांगली आहे. किती जणांना माहितीय? पीएम 2.5, म्हणजे हवेतली बारीक धूळ-काजळी; तिचा कण केसाच्या तिसाव्या हिश्श्याएवढा. नाकात अडकत नाही, फुफ्फुसाच्या तळाला जातो, तिथून रक्तात. हे कुणी शिकवायचं? आणि शाळा सुटताना गेटवर गाड्या चालू ठेवून उभे राहणारे पालक! बंद करा म्हटलं की, "दोनच मिनिटं, मॅडम." रोजची दोन मिनिटं.

खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकात, पाचट कुजवायला मजूर मिळत नाही, हे कबूल. माझ्या माहेरीही पेटवतात.

दिवाळीनंतर मी पांढऱ्या कार्डांना व्हॅसलीन फासून एक गेटवर, एक मागच्या लिंबाला टांगलं होतं. चौथ्या दिवशी भिंगातून बघितलं. लिंबाचं बरं होतं. गेटचं काळपट, खरखरीत. पोरं गप्प. ह्या पंपवाल्या पोरानं बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं आणि विचारलं, "मॅडम, हे आतनं धुता येतं का?"

घंटा झाली. मी म्हटलं, उद्या सांगते. उद्या पुढचा धडा होता, आणि ताजमहालही मीच शिकवला, गाइडवर कशाला खापर फोडू.

उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात ताजमहाल आहे, म्हणून दोन पैकी दोन दिले. सोमवारी पेपर वाटायचेत. त्याचा सगळ्यात खाली ठेवलाय.