बाटली पोखरून उंदीर

शर्ट पाठीला चिकटलाय, पाठ खुर्चीला चिकटली आहे आणि पंखा गरम हवा इकडची तिकडे करतोय. चार-पाच मित्र जमलेत. ज्याच्या घरी जमलात त्याने फ्रिजमधून सायडरची बाटली काढून टेबलावर ठेवली आहे. बाटलीलाही तुमच्यासारखाच घाम फुटलाय. अशा वेळी अडाणी माणूस काय करतो? ग्लास पुढे करतो, पितो आणि ‘हाऽऽ’ करून डोळे मिटतो. तुमच्या हातून असं काही घडू नये, चारचौघांत तुमची पत राहावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट, बाटली लगेच उघडू देऊ नका. उघडली की लोक पिणार, प्यायले की त्यांना बरं वाटणार, आणि बरं वाटलेल्या माणसाला ज्ञान पाजणं फार अवघड. घसा कोरडा असेपर्यंतच माणूस ऐकून घेतो. विषय शोधावा लागत नाही. ‘सायडर म्हणजे सफरचंदाची बिअरच ना?’ असं कुणीतरी म्हणतंच. नाहीच म्हणालं तर आपण म्हणावं आणि आपणच खोडून काढावं. बिअर धान्याची. आधी धान्यातल्या स्टार्चची साखर करा, मग उकळा, मग आंबवा. सायडरला चूल लागत नाही. सफरचंदं ठेचायची, चोथा दाबून रस काढायचा, रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. म्हणजे नातं लावायचंच तर ते वाइनशी. ‘चुलत बहीण म्हण हवं तर,’ असं म्हणून जरा थांबावं. यात पाच मिनिटं सहज जातात. बाटली अजून बंद आहे. उत्तम चाललंय.

मंडळींत एखादा अमेरिकेत राहून आलेला असतो. तो म्हणेल, ‘अरे, तिकडे शाळेतली पोरंसुद्धा सायडर पितात.’ सगळे हसतील. तो मात्र खरं बोलतोय. अमेरिकेत नुसतं सायडर म्हटलं तर बहुधा न गाळलेला ताजा रस. आंबवलेली असेल तर तिला ‘हार्ड’ म्हणतात. ब्रिटनमध्ये सायडर म्हणजे आंबवलेलीच. तो खरं बोलतोय हे तुम्हाला ठाऊक आहे, हे त्याला कळू देऊ नका. त्याला सगळ्यांशी भांडू द्या, तेवढ्यात तुम्ही लेबल वाचून घ्या.

लेबल वाचताना बाटली दोन्ही हातांत धरावी. त्याने ती गरम होते, पण गांभीर्य दिसतं. ब्रिटनच्या करकायद्याप्रमाणे सायडरमध्ये किमान ३५ टक्के रस असला की तिला सायडर म्हणता येतं. अमेरिकेत ही मर्यादा ५० टक्क्यांची आहे. हे आकडे खिन्न आवाजात सांगा आणि पुस्ती जोडा, ‘म्हणजे आपण बहुतेक पाणीच पितोय.’ अजून कुणी काहीच पीत नाहीये, हा मुद्दा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. लेबलवर ‘ड्राय’ लिहिलेलं असेल तर एखादा हमखास विचारतो की ओल्या वस्तूला ड्राय कसं म्हणतात. ड्राय म्हणजे यीस्टने साखर जवळजवळ सगळी संपवलेली, गोडवा न उरलेली. हे समजावून सांगताना जीभ टाळूला चिकटत असेल तर चिकटू द्या. उदाहरण म्हणून उपयोगी पडतं.

कोपऱ्यात एक जण गप्प बसलेला असेल. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. त्याला सायडरमधलं काही कळत नाही. तो नुसती पितो.

आता बाटली उघडायला हरकत नाही, कारण भांडणाचा मुख्य विषय यायचाय: बर्फ. बर्फ घालायचा की नाही यावरून मी घट्ट मैत्र्या सैल होताना पाहिल्या आहेत. २००० च्या दशकाच्या मध्यात मॅग्नर्स या आयरिश कंपनीने ब्रिटनमध्ये जाहिरातींचा धडाका लावला. मोठा ग्लास, काठोकाठ बर्फ, त्यावर ओतली जाणारी सायडर. उन्हाळ्यात लोक त्यावर तुटून पडले आणि कळकट म्हातारबुवांचं पेय म्हणून हिणवली जाणारी सायडर एकदम तरुण झाली. तेव्हापासून जगात दोन पंथ आहेत. एका पंथाच्या मते बर्फाशिवाय सायडर म्हणजे शिक्षा. दुसऱ्याच्या मते बर्फ म्हणजे पाप, कारण वितळला की पाणी होतं, आणि फार गार केलं की वास दबतो, चव मुकी होते. सायडरचे जाणकार ८ ते १२ अंशांची शिफारस करतात. तुम्ही अर्थातच दुसऱ्या पंथात जा. थर्मामीटर असेल तर तोही आणा. बाहेर चाळिशीला टेकलेलं ऊन, ग्लासात बाराचे चौदा, चौदाचे सतरा होतायत आणि तुम्ही आकडे वाचून दाखवताय, हे दृश्य मित्र जन्मभर विसरत नाहीत.

वाद रंगला की बर्फवाल्यांचा बर्फ वितळतो आणि बिनबर्फवाल्यांची सायडर कोमट होते. दोन्ही बाजू एकाच वेळी हरण्याचा हा दुर्मीळ प्रकार आहे. तो पूर्ण होईपर्यंत मध्यस्थी करू नये.

ओतणं हीही एक कला आहे, आणि ती घरात करून दाखवायची नसते हे मला फार उशिरा कळलं. स्पेनच्या उत्तरेला अस्तुरियास आहे. तिथे बाटलीचा हात डोक्याच्या वर ताणून, ग्लासचा हात कमरेखाली सोडून, नजर भलतीकडे ठेवून सायडरची बारीक धार सोडतात. तिथली पारंपरिक सायडर जवळजवळ बिनफेसाची. धार ग्लासच्या काठावर आपटून फुटते, हवा मिसळते, क्षणभर बुडबुडे उठतात, वास मोकळा होतो. म्हणून घोटभरच ओतायची, बुडबुडे बसायच्या आत एका दमात संपवायची आणि तळाशी चमचाभर राखून ओठ लागलेल्या काठावरून जमिनीवर सोडून द्यायची, म्हणजे तोच ग्लास पुढच्याला देता येतो. २०२४ मध्ये युनेस्कोने अस्तुरियासची ही सायडर संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

मी हा वारसा एका मित्राच्या बैठकीच्या खोलीत पुढे नेला. हात नीट ताणला, नजर ठरल्याप्रमाणे भिंतीवरच्या घड्याळाकडे लावली. पहिली धार माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आली आणि तिथून बाहीत शिरली. दुसरी थेट यजमानाच्या चपलेत. ग्लासात जे पडलं त्याने तळही झाकला गेला नाही. त्या उकाड्यात कोपरापर्यंत गार वाटलं हे कबूल करायला हवं. त्या संध्याकाळी सायडरपासून मिळालेला तेवढाच थंडावा. नंतर फरशीवर चिकट गोल डाग पडले आणि अर्ध्या तासात मुंग्यांची रांग लागली. त्यांनी तापमान विचारलं नाही. तुम्ही मात्र हा प्रयोग अवश्य करा, फक्त दुसऱ्याच्या घरी.

यानंतर इतिहास. वातावरण जड होऊ लागलं की इतिहास काढावा, म्हणजे ते पूर्णच जड होतं. कुणी म्हणालं, ‘पूर्वीचं सगळं कसं शुद्ध, नैसर्गिक,’ की इंग्लंडचं डेव्हन काढा. तिथल्या सायडर पिणाऱ्यांना भयंकर पोटशूळ उठायचा, हातपाय लुळे पडायचे. १७६७ मध्ये जॉर्ज बेकर या डॉक्टरने दाखवून दिलं की रस काढायच्या यंत्रांत वापरलेलं शिसं सायडरमध्ये उतरतंय. हातातल्या ग्लासाकडे सगळे दचकून बघतील. कुणी विचारलं, ‘फ्रिजमध्ये अजून किती आहेत रे?’ तर यजमानाने १७६३ चं उदाहरण द्यावं: ब्रिटिश सरकारने सायडर करणाऱ्यांवर कर बसवला, वर कर-अधिकाऱ्यांना घरांत शिरून तपासणीची मुभा दिली. लोक असे खवळले की १७६६ मध्ये कर मागे घ्यावा लागला. पाहुण्याने यजमानाच्या फ्रिजमध्ये डोकावू नये, याला इतका भक्कम ऐतिहासिक आधार दुसरा नाही.

एक गोष्ट मात्र सांगू नका. पश्चिम इंग्लंडमधल्या शेतमजुरांना मजुरीचा काही भाग सायडरमध्येच मिळत असे. लहानसं लाकडी पिंप घेऊन माणूस शेतावर जायचा आणि उन्हात गवत कापता कापता ते रिकामं करायचा. कापणीच्या दिवसांत हिस्सा वाढायचा. मजुरी दारूच्या रूपात देण्याची ही पद्धत १८८७ च्या कायद्याने बंद केली. त्या व्यवस्थेत मजुराची लूट होती, यात शंका नाही. पण भर उन्हात विळा टेकवून पिंप तोंडाला लावणारा तो माणूस ‘मधल्या चवीत जरा पोकळी जाणवते’ असं म्हणाला असेल, असं काही केल्या वाटत नाही. त्याला तहान लागली होती, तो प्यायला. हे मित्रांना कळलं तर तुमच्या सगळ्या अभ्यासावर पाणी पडेल.

पाण्यावरून आठवलं. टेबलावर पाण्याचा जग ठेवू देऊ नका. अल्कोहोल शरीरातलं पाणी धरून ठेवणाऱ्या हार्मोनला दाबतं, मूत्रपिंडं मोकळी सुटतात, वरून घामाने जातंच आहे. म्हणजे चार-साडेचार टक्क्यांची हलकीफुलकी वाटणारी सायडरही उन्हात तहान भागवल्यासारखं करून उलट वाढवते, आणि सात-आठ टक्क्यांची तर दुपारीच संध्याकाळ करते. एकाआड एक ग्लास पाणी प्यायलं तर डोकं जागेवर राहतं. डोकं जागेवर असलेल्या माणसांपुढे टॅनिनवर, म्हणजे फळातल्या तुरट द्रव्यावर, बोलून बघा एकदा.

टॅनिन राहिलंच. सायडरची खास सफरचंदं खायची नसतात. एक चावून बघा, जीभ आवळून तोंडाच्या आतच घडी होते. १९०३ मध्ये ब्रिस्टलजवळ लाँग अ‍ॅश्टनला फळं आणि सायडरसाठी संस्था निघाली. गोड, आंबट, कडू-गोड, कडू-आंबट ही सफरचंदांची चार घराणी तिथलीच. ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त टॅनिन असेल तर कडू, ०.४५ टक्क्यांपेक्षा जास्त आम्ल असेल तर आंबट. किंग्स्टन ब्लॅक, डॅबिनेट, फॉक्सव्हेल्प ही सफरचंदांच्या जातींची नावं पाठ करा आणि कुठल्याही घोटानंतर यातलं एक नाव प्रश्नचिन्हासकट पुटपुटा. उचलली जीभ लावली टाळ्याला हे एरवी कुणाला म्हटलं तर अपमान होतो. इथे त्यालाच चव घेणं म्हणतात.

एवढं करूनही काही निर्लज्ज मित्र पीतच राहतात. बाटली अर्ध्यावर येते. आता हुकमाचं पान काढायची वेळ झाली, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

सायडरमध्ये ‘माउस’ नावाचा एक दोष असतो. थट्टा नाही, सायडरवाल्यांचा नेहमीचा शब्द आहे. काही जिवाणू किंवा यीस्ट सायडरमध्ये अशी द्रव्यं तयार करतात की तोंडात उंदराच्या पिंजऱ्याची चव येते. गंमत अशी की ग्लास नाकाशी नेला तर काही कळत नाही, कारण सायडरच्या आंबटपणात ही द्रव्यं हवेत उडत नाहीत. घोट गिळल्यावर लाळेने आंबटपणा उतरतो, आणि काही सेकंदांनी घशामागून उंदीर वर येतो. काहींना तो लगेच लागतो, काहींना उशिरा, आणि काही माणसांना जन्मात लागत नाही. आपल्याकडे डोंगर पोखरून उंदीर काढतात. सायडरवाले बाटली पोखरून काढतात.

या दोषाचं सामाजिक मूल्य तुमच्या लक्षात आलंच असेल. ‘मला उंदीर लागतोय’ हे विधान कुणालाही खोडता येत नाही. ज्याला लागत नाही त्याची जीभ कच्ची. तेव्हा एक घोट घ्या, गिळा, मनात पाच आकडे मोजा आणि भुवया आकसून हळूच म्हणा, ‘तुम्हाला काही जाणवतंय?’ बस. उंदराचं नाव लगेच घेऊ नका. कुणी ‘काय रे?’ म्हणालं की सांगा, हाताच्या मागच्या बाजूला दोन थेंब चोळा आणि हुंगा. जाणकार हीच चाचणी करतात. पाच घामेजलेली माणसं आपापल्या मनगटाचा वास घेतायत आणि त्यांना जो काही वास येतोय तो अर्थातच चांगला नाही. ‘हो रे,’ पहिला म्हणेल. ‘मला तर मघापासूनच,’ दुसरा म्हणेल. हा तोच, ज्याने मघाशी ‘वा’ म्हटलं होतं. अमेरिकावाला म्हणेल, तिकडे असं होत नाही. ग्लास एकेक करून टेबलावर उतरतील. यजमानाचा चेहरा पडेल. त्याच्या खांद्यावर हात ठेवा.

मग उठा. ‘ओतून टाकतो, तू बस,’ असं म्हणून बाटली उचला. फ्रिजमध्ये दुसरी आहे का हे तुम्ही विचारलेलं नाही, त्यामुळे १७६३ च्या इतिहासालाही धक्का लागत नाही. स्वयंपाकघरात जा, दार लोटून घ्या आणि फ्रिज उघडा.

तो गप्प बसणारा मित्र तिथे आधीच उभा असेल. पाठ फ्रिजच्या उघड्या दाराला लावलेली, दुसऱ्या बाटलीचं बूच ओट्यावर, ग्लासात काठोकाठ बर्फ. त्याला उंदीर कधी लागला, ते विचारू नका. फळीवरचा आणखी एक ग्लास काढा.