सोलापूरच्या घरप्रार्थनेला ठरलेला पाठ हवा

सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये रोजच्या प्रार्थनेबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली अशी की घरातली संध्याकाळची भक्ती मोडली. सकाळी व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या चित्रावर बायबलचं वचन येतं, त्याखाली जोडलेले हात पडतात आणि दिवसाचं देवाचं खातं बंद होतं. दुसरी तक्रार कुणी ‘रोज वाचायच्या बायबल-पाठांची यादी करू या’ म्हटलं की येते. ठरवून दिलेलं वाचन म्हणजे घोकंपट्टी, आत्म्याला वेळापत्रकात कशाला बांधायचं? इंग्लंडमधून पाहताना मला पहिली तक्रार खरी वाटते, आणि तिचं निम्मं कारण दुसरीत सापडतं.

हा आक्षेप आकाशातून पडलेला नाही. सोलापुरात काम उभं केलं ते अमेरिकन मराठी मिशनने, आणि ते मिशन काँग्रिगेशनल परंपरेचं. छापील प्रार्थनेपेक्षा मनातून उमटलेल्या प्रार्थनेला तिथे मान. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा पुस्तकातून प्रार्थना करणारे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले, आणि आपले मोकळेपणाने प्रार्थना करणारे लोक एका छपराखाली आले. रविवारच्या उपासनेत दोघांचं जमलं. घरात मात्र जुनीच रीत राहिली. मोकळ्या प्रार्थनेत ताकद आहे, यात वाद नाही. पण तिला घरात एक खांब लागतो. ज्यांना गीतं पाठ आहेत, शब्द सुचतात आणि जे शेजारच्यांना हाक मारून बोलावू शकतात असे आजी-आजोबा लागतात. ते गेले की मुलगा म्हणतो, मला प्रार्थना करता येत नाही. त्याच्या हातात काहीच ठेवलेलं नसतं.

शिवाय ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, तिथे नेमाची थोरवी समजावून सांगायची वेळ यावी हे जरा गमतीचंच. सप्ताहाच्या पारायणात रोज किती वाचायचं ते आधीच ठरलेलं असतं. त्याला कुणी यांत्रिक म्हणत नाही.

इंग्लंडमध्ये ही व्यवस्था कशी चालते ते पाहा. चर्च ऑफ इंग्लंडच्या दीक्षा घेतलेल्या सेवकांवर, म्हणजे पाळक वगैरेंवर, रोज सकाळ-संध्याकाळची प्रार्थना नियमाने बंधनकारक आहे. आजारपण किंवा तसंच तातडीचं कारण असेल तरच सूट. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात बायबलमधली दीडशे स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांवर सकाळ-संध्याकाळ अशा ६० भागांत वाटलेली आहेत. ११९ वं स्तोत्र १७६ वचनांचं. ते २४ तारखेच्या संध्याकाळी सुरू होऊन २६ च्या संध्याकाळी संपतं. ३१ तारीख आली तर ३० चेच भाग पुन्हा. म्हणताना एक वचन या बाजूच्यांनी, पुढचं त्या बाजूच्यांनी. वचनाच्या मध्यावर खूण असते, तिथे सगळे श्वासभर थांबतात. नवखा माणूस तिथे न थांबता पुढे धावतो आणि एकटाच ऐकू येतो, दोन दिवसांत शिकतो. साध्या दिवशी प्रवचन नाही, स्वतःचे अनुभव सांगणारी साक्ष नाही. अर्ध्या तासाच्या आत माणसं कामाला लागतात.

मात्र तिकडचं कौतुक करणाऱ्यांनी उरलेलं अर्धंही सांगावं. खेड्यांतल्या एकेका पाळकाकडे कितीतरी चर्चेस असतात, आणि सकाळच्या प्रार्थनेला पाळक नि एखाद-दुसरी निवृत्त बाई एवढीच माणसं बसलेली दिसणं मुळीच नवलाचं नाही. प्रार्थना दीक्षा घेतलेल्या माणसाचं काम ठरली आणि घरातून निघून गेली. सोलापुरात चटई अंथरली तर आजही दहा माणसं बसतात. तेव्हा तिथली यादी घ्यावी, ती पाळकाच्या गळ्यात बांधण्याची सवय घेऊ नये.

फोनवरच्या वचनाबद्दल. ‘तुमच्या कल्याणाचे संकल्प’ हे यिर्मया २९:११ किती जणांच्या स्टेटसला असतं! ते यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला धरून नेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं. त्याच्या अगदी आधीचं, दहावं वचन सांगतं की बाबेलची सत्तर वर्षं पुरी झाल्यावर मी तुमचा समाचार घेईन. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. फिलिप्पै ४:१३ चंही तेच. ‘मी सर्वकाही करू शकतो’ हे वचन परीक्षेच्या आदल्या दिवशी फिरतं. त्याच्या आधीच्या, बाराव्या वचनात प्रेषित पौल उपाशी राहण्याबद्दल बोलतो, ते वगळून. सुटं वचन खोटं नसतं, पण त्यातून गोड तेवढंच उचललं जातं.

मग यादी कोणती घ्यायची? ज्यांना जगभरच्या मंडळीबरोबर वाचायचंय त्यांनी कॅथलिक शेजाऱ्याकडून रोजच्या मिस्साचे, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेचे, पाठ घ्यावेत. साध्या दिवसांचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला पाठ, दरवर्षी तेच असतं. वर्षाच्या साधारण काळात, म्हणजे नाताळ-ईस्टरचे हंगाम सोडून, पहिला पाठ सम आणि विषम वर्षांत बदलतो. सोय चांगली आहे, पण अशा याद्या अडचणीचं गाळतात. कॅथलिक चर्चच्या १९७१ च्या नित्यप्रार्थनेच्या पुस्तकातून ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रं वगळली गेली, १३७ चा शेवटही गेला. का, तर शापवाणी आहे. ज्याची मजुरी बुडाली त्याला देवापुढे ओरडायला १०९ वं लागतं, असं माझं मत. म्हणून घरासाठी मी सलग वाचनाच्या बाजूचा आहे.

हिशेब सोपा आहे. चारही शुभवर्तमानांची मिळून ३७७९ वचनं. रोज दहा-अकरा वाचली की वर्षात चारही पूर्ण. सुरुवात मार्कपासून करावी. त्याची ६७८ वचनं दोन महिन्यांत संपतात आणि काहीतरी पुरं केल्याचं समाधान लवकर मिळतं. स्तोत्रांचे साठ भाग दिवसाला एक घेतले तर दोन महिन्यांत एक फेरी. भाग सरासरी चाळीस वचनांचा, वाचायला पाच-सहा मिनिटं. बैठक वीस मिनिटांची. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातल्या एका गीताची दोन कडवी, स्तोत्र आळीपाळीने, पाठ एकदा सावकाश, दोन मिनिटं पूर्ण शांतता, तोच पाठ दुसऱ्याच्या आवाजात पुन्हा. मग प्रत्येकाचं एक वाक्य, मोकळी प्रार्थना, शेवटी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या, एकांतात राहणाऱ्या कार्थुझियन संघाच्या मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना आणि देवापुढे नुसतं राहणं अशा चार पायऱ्या सांगितल्या, त्या यात आपोआप येतात. मोकळी प्रार्थनाही कुठे गेलेली नाही, तिला फक्त आधी काहीतरी ऐकायला मिळालं.

शांततेची दोन मिनिटं सर्वांत आधी मोडतात. तिसाव्या सेकंदाला कुणीतरी ‘हालेलूया’ म्हणतं, कारण गप्प बसणं म्हणजे प्रार्थना थांबली असं वाटतं. तिथे एकाने घड्याळ धरावं. दुसरं बिघडतं ते ‘एक वाक्य’. घरातला थोरला त्याचं प्रवचन करतो आणि सुना-मुलं माना खाली घालतात. म्हणून बोलायची सुरुवात धाकट्यापासून, थोरला शेवटी. विनंत्यांचं आणखी नाजूक. ‘अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिचं घरात पटत नाही’ ही प्रार्थना नव्हे, बातमी झाली. फक्त नाव घ्यावं, आणि आजारपण सांगायचं तर ज्याचं त्याला विचारून. घराघरांतून फिरणारी प्रार्थना असेल तर पाण्यापलीकडे काही ठेवू नये. आज चहा, उद्या भजी, परवा उपमा आणि शिरा. चौथ्या आठवड्यात एका खोलीतलं कुटुंब ‘पाहुणे आलेत’ म्हणून आपली पाळी टाळतं.

वेळ ठरवताना नळाला पाणी येण्याचा दिवस आणि यंत्रमागाची पाळी आधी विचारावी. पाणी आल्यावर बसवलेल्या प्रार्थनेत निम्म्या बायका मनाने हंड्यापाशी असतात. पाठ मोठ्या टायपात झेरॉक्स करून ठेवावेत, उन्हाळ्यात गच्चीवर दिवा अंधुक असतो. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ‘ज्याअर्थी’ आणि जोडाक्षरं अडतात. त्यांना उद्याची चार वचनं आजच द्यावीत, ऐनवेळी पुस्तक हातात देऊन त्यांची फजिती करू नये.

आता आम्हा बाहेरच्यांविषयी. व्हिडिओवर रोज सामील होण्याचा आग्रह सोडलेला बरा. सोलापूरचे रात्रीचे साडेआठ म्हणजे लंडनचे हिवाळ्यात दुपारचे तीन, उन्हाळ्यात चार. कामाच्या दिवशी कुणी मोकळा नसतो, आणि आमच्यासाठी बैठक पुढे ढकलली की लहान मुलं झोपतात. रविवारी जोडावं, तेही माईक बंद ठेवून. आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे दोन्हीकडून गीत म्हटलं की तबलजी चुकतो. उरलेले सहा दिवस तोच पाठ आपापल्या वेळेला वाचावा. यादी एकच असेल तर त्यासाठी इंटरनेट लागत नाही.