रात्रच पुसून टाकली!

काल पुन्हा हात हलवत परत आलो. नऊ वर्षं मी एकाच रस्त्याचे रात्रीचे फोटो काढतोय. कोपरा तोच, लेन्स तीच. घरं पडली, टॉवर उभे राहिले, ते सगळं टिपलं. शहर बदलणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका आठवड्यात अख्ख्या रस्त्याचा उजेड बदलला आणि कुणाला त्याचं काहीच वाटलं नाही, याचा संताप होतो!

सोडियमचे दिवे काढून पांढरेफटक एलईडी ठोकले. कुठे ते साधारण २००० केल्विनचं पिवळं ऊन, आणि कुठे हा ऑपरेशन थिएटरचा उजेड! (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप. आकडा चढला की उजेड पांढरा, मग निळसर.) वीज वाचते, मान्य. पण एलईडी उबदार रंगातही मिळतात ना? अमेरिकन मेडिकल असोसिएशननं २०१६ मध्येच सांगितलं होतं, रस्त्यावर ३००० केल्विनच्या वर जाऊ नका. ऐकतंय कोण!

आणि "एडिटिंगमध्ये पिवळं कर की" असं मला कृपा करून सांगू नका. सोडियमच्या उजेडात लाल दार आणि हिरवी भिंत दोन्ही मातकट व्हायची, रंग विरघळून फक्त आकार उरायचे. स्लायडर ओढून ते येत नाही. वरचा पिवळा थर तेवढा दिसतो.

त्यात हे दिवे स्वस्तातले. ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक शटर फोटो ओळीओळीनं टिपतं, ते १/२५० सेकंदाला नेलं की फोटोभर आडवे पट्टे! १/५० ला आणलं तर चालणारा माणूस पुसट होतो. वर कोपऱ्यावर नवा डिजिटल फलक. दर दहा सेकंदांनी समोरची भिंत निळी, मग गुलाबी. लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर कितीतरी सेकंद उघडं ठेवणं, लावायचं तरी कधी?

एवढं करून ट्रायपॉड उघडला की नव्या इमारतीचा वॉचमन हजर. "परवानगी आहे का?" अहो, मी सार्वजनिक फुटपाथवर उभा आहे! त्याच्यावर नाही चिडत मी, त्याला वरून सांगितलेलं असतं. सांगणाऱ्यांवर चिडतो.

पडलेल्या घराचा निदान नकाशा तरी कुठेतरी सापडतो. गेलेल्या उजेडाची नोंद कुणाकडे आहे?

मागच्या बोळात अजून चार सोडियमचे दिवे जळतायत. काल तिथल्या खांबांखालीही नवी खोकी येऊन पडलेली दिसली.