‘हौशी’ शब्द खटकला

लेख छान, पण बचावनौकेवरच्या स्वयंसेवकांना तुम्ही ‘हौशी’ म्हटलंय, ते खटकलं. पगार नाही एवढंच. पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावायचं, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात!

ब्रिटनची आर.एन.एल.आय. ही समुद्रात बचावनौका चालवणारी संस्था १८२४ पासूनची, मुख्यतः देणग्यांवर चालणारी. १९ डिसेंबर १९८१ च्या वादळात कॉर्नवॉलच्या माउसहोल गावातले आठ जण ‘सॉलोमन ब्राउन’ ही लाकडी बोट घेऊन बुडत्या जहाजाकडे गेले. चौघांना उतरवून घेतल्याचा निरोप वायरलेसवर आला, मग सगळं शांत. आठांपैकी एकही परतला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याच एवढ्याशा गावातून नव्या चमूला पुरतील इतकी माणसं पुढे आली. ह्याला हौस म्हणायचं?

बाकी, ह्या संस्थेच्या आताच्या मोठ्या बोटी उलटल्या तरी आपोआप सरळ होतात, हे लिहायचं राहिलं.