भुलेश्वरात माणसं वाढत नाहीत, घटताहेत

‘भुलेश्वर-काळबादेवीत लोकसंख्या वाढतच चालली आहे, बाहेरचे येऊन भरलेत, म्हणून तिथं पाय ठेवायला जागा नाही.’ हे विधान वर्षानुवर्षं फिरतंय. माझं लहानपण तिथल्या चाळीत गेलं. ते मला पटत नाही.

आधी ‘वाढतच चालली आहे’. मुंबई महापालिकेच्या सी विभागात भुलेश्वर, काळबादेवी, चिराबाजार, मरीन लाइन्स येतात. २००१च्या जनगणनेत इथे २,०२,९२२ माणसं होती, २०११मध्ये १,६६,१६१. दहा वर्षांत शंभरातली अठरा कमी झाली. त्याच काळात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. २०२१ची जनगणना झालीच नाही, तेव्हा वाढ सांगणारा नवा आकडा कुणाकडेच नाही.

मग ती गर्दी कुणाची? मंगळदास मार्केट, मुळजी जेठा, झवेरी बाजार इथे सकाळी लोकलने येणाऱ्यांची: गिऱ्हाईक, हमाल, हातगाडीवाले, पेढीवरचे नोकर. दुकानं बंद झाल्यावर त्याच गल्लीतून फिरून बघा. बाजारातली वर्दळ मोजायची आणि तिला रहिवासी म्हणायचं, ही या विधानातली मूळ चूक.

‘बाहेरचे येऊन भरलेत’ हे मला सर्वांत लागतं, कारण मी पाहिलं ते उलटं. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, पण तेवढ्या भाड्यात घरमालक डागडुजी करीना. जिने कुजले, छताला टेकू लागले. मुलाचं लग्न झालं की दहा बाय बाराच्या खोलीत दोन संसार कसे मावणार? खोली पागडीने, म्हणजे भाडेहक्काची एकरकमी रक्कम घेऊन, दुसऱ्याला द्यायची आणि डोंबिवली किंवा बोरिवली गाठायची. आमच्या मजल्यावर बावीस बिऱ्हाडं होती, आज सहा आहेत. बाकीच्या खोल्यांत कापडाचे तागे आणि खोकी. गाळा झालेली खोली परत घर झालेली मी तरी पाहिली नाही.

दाटी खरी आहे, ती नाकारत नाही. २०११मध्येही चौरस किलोमीटरला नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती. पण दोष राहणाऱ्यांवर टाकला की मालाची चढउतार भर दुपारी का होते, राहत्या चाळीत गोदामाला परवानगी कोण देतं, हे विचारायचं राहूनच जातं. आमच्या जिन्यात आजही गाठोडी रचलेली असतात; वरच्या मजल्यावरच्या आजींना ती ओलांडूनच खाली यावं लागतं.