ओरिजिनल बघितलंस का?

अमेरिकन 'द ऑफिस' ही विनोदी मालिका आमच्या घरात शांतपणे बघता येत नाही. डिसेंबरात तर नाहीच नाही. त्या महिन्यात थोरले दीर, म्हणजे भाऊजी, न्यूजर्सीहून येतात आणि नणंदेचे यजमान, म्हणजे भावोजी, लंडनजवळच्या स्लाऊहून. मूळ ब्रिटिश मालिकेतलं ते कागद विकणारं ऑफिस नेमकं स्लाऊतच आहे! त्यामुळे भावोजी हा विषय बांधावरच्या भांडणासारखा लढतात. मी रिमोट उचलला रे उचलला की मागून आवाज येतो, "ओरिजिनल बघितलंस का?"

बघितलंय हो. २००१ ते २००३, दोन सीझन मिळून १२ भाग, वर नाताळचे दोन. अमेरिकेने २००५ ते २०१३ दळण दळून २०१ भाग काढले.

"म्हणजे आमचंच चाललं," इति भाऊजी.

"म्हणजे तुम्हाला थांबायचं कळत नाही," इति भावोजी.

(या मुद्द्यावर मराठी मालिकावाल्यांनी तोंड न उघडलेलं बरं.)

माझं म्हणणं दोघांनाही पटत नाही. अमेरिकन ऑफिसचा पहिला भाग जवळजवळ शब्दशः ब्रिटिश आहे, अगदी जेलीत घातलेल्या स्टेपलरसकट, आणि नेमका तोच पडेल वाटतो. ब्रिटिश ऑफिसचा साहेब डेव्हिड ब्रेंट पाचकळ विनोद करतो, कोणी हसत नाही, आणि कॅमेरा त्याच्या तोंडावरून हलायलाच तयार नसतो. तो टायशी चाळा करतो, आपण उशीत तोंड खुपसतो. अमेरिकेत साहेब झालेला स्टीव्ह कॅरेलही आधी हेच करायला गेला, केस चापून बसवून. दुसऱ्या सीझनला केस सुधारले, माणूस जरा गोड झाला आणि मालिकेने बाळसं धरलं. वर्षानुवर्षं ज्याला घरात घ्यायचं, त्याचा नुसता राग येऊन कसं चालेल?

उलट २००३ साली 'कपलिंग' या ब्रिटिश मालिकेची तिकडे इमानेइतबारे नक्कल झाली. चार भाग दाखवून गाशा गुंडाळला. 'फॉल्टी टॉवर्स' या हॉटेलातल्या ब्रिटिश विनोदी मालिकेवर तर तीनदा हात मारून झाला. त्यातल्या १९८३च्या 'अमांडाज'मध्ये हॉटेलमालक बेसिललाच काढून टाकलं आणि त्याचं काम बिआ आर्थर या अभिनेत्रीकडे दिलं. म्हणजे हॉटेल आहे, गोंधळ आहे. गिऱ्हाइकावर खेकसणारा आणि बायको दिसली की शेपूट घालणारा मालक तेवढा गायब! हे सांगताना भावोजींना दरवर्षी चहाचा ठसका लागतो.

मग भाऊजी १९७१चं 'ऑल इन द फॅमिली' काढतात. तेही मूळचं ब्रिटिशच, पण अमेरिकेत असं रुजलं की तिथल्या कित्येकांना मूळ ठाऊकच नाही. आता ठसका न लागता भावोजी छताकडे बघतात. मी ब्रिटिश 'यस मिनिस्टर'वरून आलेल्या हिंदी 'जी मंत्रीजी'मधल्या फारूख शेखचं नाव घेऊन बघते, पण देशी साक्षीदाराला इथे कोण विचारतो?

एकदा हे सगळं ऐन रंगात आलेलं असताना सासूबाईंनी माझ्या हातून रिमोट घेतला आणि 'आई कुठे काय करते' लावलं. दोघेही मुकाट बघू लागले. भाऊजींनी तर पाय वर घेतले. ब्रेकमध्ये भावोजी म्हणाले, "बघा, याला म्हणतात ओरिजिनल."

"ही बंगाली 'श्रीमोयी'वरून घेतलीये," मी म्हटलं.

सासूबाईंनी आवाज वाढवला.